पहिल्या वर्षाचं जीवशास्त्र: पाठांतराच्या आधी काय करायचं, क्रमानं

पहिली अंतर्गत परीक्षा झाली की स्टाफरूमच्या दारात आठ-दहा जण हमखास उभे असतात. "मॅडम, सगळं पाठ केलं होतं. मग मार्क गेले कुठं?" वही मागितली की तीत पानंच्या पानं सुवाच्य नोट्स असतात, पिवळ्या-हिरव्या हायलायटरनं रंगवलेल्या. स्वतः बघून काढलेली आकृती मात्र एकही नसते.

बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्र घेतलेली मुलं असोत, की बी.कॉम., बी.ए. करताना ओपन इलेक्टिव्ह म्हणून जीवशास्त्राचा पेपर घेतलेली, घोळ एकाच जागी होतो. अभ्यासाचा क्रम उलटा लागतो. आधी व्याख्या पाठ, मग नावं पाठ, वेळ उरला तर आकृती, आणि प्रत्यक्ष वस्तू बघायची राहूनच जाते. या विषयात वस्तू आधी. ती बघायची, दिसली तशी काढायची, मग भागांना नावं द्यायची, मग कोणता भाग काय काम करतो ते वाचायचं. व्याख्या सगळ्यात शेवटी, तीही आधी स्वतःच्या शब्दांत. खालचे टप्पे याच क्रमानं लावले आहेत. लागणारं बरंचसं साहित्य नाशिकच्या कुठल्याही स्वयंपाकघरात मिळेल.

## टप्पा १: आपण नक्की कोणता पेपर घेतलाय ते बघा

प्रवेशाच्या गडबडीत बरेच जण मैत्रिणीनं टिक केलं तिथं टिक करतात. नव्या शैक्षणिक धोरणानंतरच्या रचनेत हे महागात पडतं. ओपन इलेक्टिव्ह हा आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरूनच घ्यावा लागतो. म्हणजे कॉमर्सच्या विद्यार्थिनीला जीवशास्त्राचा पेपर या वाटेनं घेता येतो, पण फिजिक्सवाल्या बी.एस्सी.च्या मुलाला येत नाही. त्याला जीवशास्त्र हवंच असेल तर ते विज्ञान शाखेतल्या विषयांच्या निवडीतूनच घ्यावं लागेल. हे मुदत संपल्यावर कळणारे दर वर्षी दोघे-तिघे तरी निघतात.

दुसरी गोष्ट, कॉलेजात 'बायोलॉजी' असा एकच विभाग सहसा नसतो. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र असे वेगवेगळे विभाग असतात आणि पेशी सगळीकडे शिकवली जाते. त्यामुळे दोन विषयांच्या नोट्समध्ये तोच भाग दोनदा येतो. एकदाच नीट करा, दुसरीकडे फक्त भर घाला.

तिसरी गोष्ट तासांची. एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे १५ तास किंवा प्रॅक्टिकलचे ३० तास. दोन क्रेडिटच्या ओपन इलेक्टिव्हला सगळे मिळून ३०च तास मिळतात. त्यातले पाच बुडाले तर पेपरचा सहावा हिस्सा गेला.

तपासा: अभ्यासक्रमाची पत्रिका छापून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवली का? ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळते. कॉलेज स्वायत्त असेल तर कॉलेजच्या. जुन्या पॅटर्नची पत्रिका चुकून उतरवू नका, वरचं वर्ष वाचा.

## टप्पा २: शब्दांची वही

साहित्य थोडंच लागतं: दोन एचबी पेन्सिली, चांगला खोडरबर, मिलिमीटरच्या खुणा असलेली पारदर्शक पट्टी, ब्लेड, चिमटा, दोन सुया, मऊ ब्रश आणि बी.एस्सी.वाल्यांना एप्रन. खरी तयारी शब्दांची आहे.

दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलीला 'तंतुकणिका' माहीत असते. वर्गात 'मायटोकाँड्रिया' ऐकलं की तिला ती नवीनच वस्तू वाटते आणि ती दोन्ही वेगवेगळी पाठ करत बसते. एका दोनशे पानी वहीत तीन रकाने पाडा: मराठी शब्द, वर्गात वापरला जाणारा शब्द आणि तिसऱ्या रकान्यात बोटाच्या पेराएवढं चित्र. तिसऱ्या रकान्यात अर्थ लिहू नका, चित्रच काढा. चित्र काढता आलं नाही तर तो शब्द अजून समजलेला नाही, एवढं लगेच कळतं.

लांबलचक शब्द तोडून शिका. 'फोटो' म्हणजे प्रकाश, 'लायसिस' म्हणजे विघटन, 'हायपो' म्हणजे कमी, 'हायपर' म्हणजे जास्त, 'एंडो' आत, 'एक्सो' बाहेर, 'ल्युको' पांढरं, 'एरिथ्रो' लाल, 'साइट' पेशी. हे नऊ तुकडे आले की 'एरिथ्रोसाइट' पाठ करावं लागत नाही, वाचता येतं.

सावधान: रोजच्या बोलण्यातले शब्द इथं वेगळ्या अर्थानं येतात. 'श्वासोच्छ्वास' म्हणजे हवा आत-बाहेर करणं. 'श्वसन' म्हणजे पेशीत अन्नातून ऊर्जा मोकळी होणं, आणि ते झाडातही अहोरात्र चालतं. "झाडं दिवसा ऑक्सिजन घेतच नाहीत, फक्त रात्री घेतात" हे वाक्य मी दर वर्षी उत्तरपत्रिकेत तपासते. झाड दिवसाही श्वसन करतं. फक्त उजेडात प्रकाशसंश्लेषणाचा वेग सहसा जास्त असल्यानं एकूण हिशेबात ऑक्सिजन बाहेर पडताना दिसतो.

## टप्पा ३: कांद्याची साल आणि सूक्ष्मदर्शक

इथं थांबून वेळ द्या. पहिल्या सत्रातलं अर्धं प्रॅक्टिकल या एका स्लाइडवर शिकता येतं आणि कांद्याला तर आपल्याकडे तोटा नाही. ओपन इलेक्टिव्हला प्रॅक्टिकल नसेल तर विभागात जाऊन विनंती करा. मोकळ्या तासाला एक सूक्ष्मदर्शक पंधरा मिनिटं मिळणं अवघड नसतं, आणि विचारायला आलेल्या आर्ट्सच्या मुलीचं कौतुकच होतं.

१. कांदा उभा चिरून चार फोडी करा. एक मांसल पापुद्रा सुटा करा. त्याची आतली, खोलगट बाजू वर धरा.

२. पापुद्रा मधोमध कट्‌कन मोडा, पण पूर्ण तोडू नका. मोडलेल्या कडेला पारदर्शक पातळ साल लोंबते, ती चिमट्यानं हळू ओढा. ओलसर पॉलिथिनसारखी निघते.

३. साल लगेच पाण्यात टाका. हवेत अर्धा मिनिट जरी राहिली तरी कडा आत वळतात आणि मग ती सरळ होत नाही.

४. पाण्यातच ब्लेडनं नखाएवढा तुकडा कापा. मोठा तुकडा दुमडतो, आणि दुमडलेल्या सालीत एकावर एक दोन थर दिसून पेशींची जाळी गुंतागुंतीची वाटते.

५. सॅफ्रानिन या लाल रंगद्रव्याचा एक थेंब, अर्धा ते एक मिनिट. मग पाण्यानं धुवा. न धुता पुढं गेलात तर सगळं लालभडक दिसेल आणि केंद्रक ओळखू येणार नाही.

६. स्लाइडवर ग्लिसरीनचा थेंब, त्यावर साल ब्रशनं पसरवा. कव्हर स्लिपची एक कड टेकवा, दुसरी सुईवर धरून सावकाश खाली आणा. टपकन टाकली की हवा अडकते.

आता सूक्ष्मदर्शक. तो दोन हातांनी उचलायचा, एक हात दांड्याला आणि एक तळाला. आधी सगळ्यात कमी शक्तीचं ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे स्लाइडजवळचं भिंग, लावा. बाजूनं बघत मोठ्या स्क्रूनं स्लाइड आणि भिंग जवळ आणा, मग डोळा लावून त्यांना दूर नेत फोकस करा. जवळ आणताना डोळा आयपीसला, म्हणजे वरच्या भिंगाला, असेल तर कव्हर स्लिप फुटते, कधी भिंगालाही चरा जातो. पेशी स्पष्ट दिसल्यावर हवी ती मध्यभागी आणा आणि मगच ४५चं ऑब्जेक्टिव्ह फिरवा. त्यानंतर मोठ्या स्क्रूला हात लावायचा नाही, फक्त छोटा.

आयपीस १०चं आणि ऑब्जेक्टिव्ह ४५चं असेल तर वस्तू ४५० पट मोठी दिसते. गुणाकार आहे, बेरीज नाही. '५५ पट' हे उत्तर मी तोंडी परीक्षेत अनेकदा ऐकलं आहे.

सावधान, तीन नेहमीच्या चुका. पहिली, हवेचा बुडबुडा. गोल, जाड काळ्या कडेचा, आत रिकामा. पेशी विटांसारख्या लांबट असतात आणि एकमेकींना चिकटून असतात. एका मुलानं बुडबुडा सुबक काढून त्यात केंद्रकही दाखवलं होतं, कारण पुस्तकात पेशी गोल होती. दुसरी, फार उजेड. काही दिसत नसेल तर उजेड वाढवू नका, डायफ्रॅम (खालून येणारा उजेड कमी-जास्त करणारी झडप) थोडा मिटा, कडा उठून दिसतील. तिसरी चूक सगळ्यात जास्त होते: कांद्याच्या पेशीत हरितलवकं दाखवणं. कांदा जमिनीत वाढतो, त्याच्या मांसल पापुद्र्यात हरितलवकं नसतात. ती पुस्तकातल्या 'वनस्पती पेशी'च्या आकृतीतून आलेली असतात. तंतुकणिकाही या स्लाइडवर दिसत नाहीत. दिसलं तेवढंच काढा: पेशीभित्तिका, कडेला सरकलेलं केंद्रक, पातळ पेशीद्रव्य आणि मधली मोठी रिक्तिका.

पेशी मोजा. हे फार कमी मुलं करतात. स्लाइडच्या जागी पारदर्शक पट्टी ठेवा, १०च्या ऑब्जेक्टिव्हमधून बघा. दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास साधारण दोन मिलिमीटरच्या आत-बाहेर येईल. तुमच्या सूक्ष्मदर्शकाचा १.८ मिलिमीटर आला आणि त्यात लांबीच्या दिशेनं सहा पेशी मावल्या, तर एक पेशी ०.३ मिलिमीटरची. हा आकडा आकृतीखाली लिहा.

## टप्पा ४: आकृती आणि जर्नल

आकृती सूक्ष्मदर्शकापाशी बसूनच काढा. घरी जाऊन, मोबाइलमधल्या फोटोवरून किंवा वरच्या वर्गातल्या कुणाच्या जर्नलमधून नाही. मी स्वतः पहिल्या वर्षी उसन्या जर्नलमधून खोडाच्या काटछेदाच्या आकृत्या उतरवल्या होत्या. जिच्या वहीतून उतरवल्या तिनं जलवाहिन्या आणि रसवाहिन्यांच्या जागा उलटसुलट केल्या होत्या. तीच चूक माझ्या वहीत आली आणि प्रॅक्टिकल परीक्षेत खरी स्लाइड समोर असताना मी वहीतलं आठवून लिहिलं. डोळ्यांसमोर बरोबर दिसत होतं, तरी.

आकृती अर्धं पान भरेल एवढी मोठी काढा. रेघ एकच, सलग, न खरवडता. छटा द्यायच्या नाहीत, दाटपणा दाखवायचा तर ठिपक्यांनी. नावांच्या रेघा पट्टीनं, शक्यतो सगळ्या उजवीकडे, एकमेकींना न छेदता, आणि टोक नेमकं त्या भागावर टेकलेलं. रेघ हवेत सोडली की तपासणाऱ्याला तुम्हाला काय दाखवायचं होतं ते कळत नाही, आणि मार्क जातो.

शास्त्रीय नाव लिहिताना पहिल्या शब्दाचं आद्याक्षर मोठं, दुसऱ्याचं लहान, आणि हातानं लिहिताना दोन्ही शब्दांखाली स्वतंत्र रेघ. एकच सलग रेघ मारू नका. कांदा म्हणजे अ‍ॅलियम सेपा, द्राक्ष म्हणजे व्हायटिस व्हिनिफेरा.

तपासा: प्रत्येक प्रयोगावर त्याच आठवड्यात सही झाली का? सत्राच्या शेवटी पंधरा सह्या एकदम मागायला आलेल्या वहीतल्या चुका कुणी वाचत नाही, आणि त्या चुकांसकट तुम्ही परीक्षेला जाता.

## टप्पा ५: परासरण, आधी स्वयंपाकघरात

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, हे घरात सगळ्यांना माहीत असतं. परासरण हेच. व्याख्या वाचण्याआधी हा प्रयोग करा.

एका बटाट्याच्या पाच सेंटिमीटर लांब, सारख्या जाडीच्या चार फोडी कापा. साल काढायचीच, कारण ती पाणी अडवते. दोन फोडी साध्या पाण्यात, दोन मिठाच्या पाण्यात ठेवा. मीठ अर्ध्या वाटी पाण्याला एक भरलेला चमचा. तासाभरानं काढा, फडक्यानं टिपा, पट्टीनं लांबी मोजा आणि मग वाकवून बघा. साध्या पाण्यातली कडक होऊन कट्‌कन मोडते. मिठाच्या पाण्यातली रबरासारखी वाकते आणि थोडी आखूडही झालेली असते.

निफाड-पिंपळगावकडची मुलं हा प्रयोग मनुकांवर करून आणतात, कारण त्या हाताशी असतात. मनुका फुगते हे खरं. पण वाळलेल्या मनुकेतल्या पेशी मेलेल्या असतात, त्यांची पटलं शाबूत नसतात. तिथं निव्वळ परासरण होतं असं म्हणता येत नाही. जिवंत पेशी हव्यात, म्हणून बटाटाच घ्या.

मुलांची चूक दिशेत होते. "पाणी जास्तीकडून कमीकडे जातं" एवढंच पाठ असतं, आणि जास्त काय, पाणी की मीठ, हे डोक्यात नसतं. प्रत्येक वेळी वाक्य पूर्ण लिहा: पाणी विरल द्रावणाकडून तीव्र द्रावणाकडे, अर्धपार्य (पाणी जाऊ देणाऱ्या, मीठ अडवणाऱ्या) पटलातून जातं. विसरणाला (अत्तराचा वास खोलीभर पसरतो तसं कण पसरण्याला) पटल लागत नाही, परासरणाला लागतं.

बी.एस्सी.वाल्यांनी पुढं लाल कांदा घ्यावा. मांसल पापुद्र्याच्या बाहेरच्या, फुगीर बाजूच्या सालीत रिक्तिकेतला रस जांभळट असतो, रंगद्रव्य टाकावंच लागत नाही. स्लाइड पाण्यात बनवा, कव्हर स्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा, समोरच्या कडेला टिपकागद लावून ते आत ओढा. दोन-तीन मिनिटांत जांभळा भाग पेशीभित्तिकेपासून सुटून आकसताना दिसतो. भित्तिका जागेवरच राहते. पेशीभित्तिका आणि प्रद्रव्यपटल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठं दिसत नाही. लगेच साधं पाणी ओढलंत तर पेशी पुन्हा भरतात.

## टप्पा ६: पेशीविभाजन, मुळाच्या टोकावर

हे बी.एस्सी.साठी. बाकीच्यांनी तयार स्लाइड बघितली तरी पुरे, पण बघाच.

कांद्याच्या तळाच्या वाळक्या मुळ्या ब्लेडनं खरवडा, खालच्या चकतीला इजा होऊ देऊ नका. पेल्यात पाणी भरून फक्त चकती टेकेल असा कांदा ठेवा आणि पाणी रोज बदला. दोन-चार दिवसांत पांढऱ्या मुळ्या फुटतात. सकाळी लवकर टोकाचा दोन-तीन मिलिमीटर भाग कापा आणि अल्कोहोल तीन भाग, अ‍ॅसेटिक आम्ल एक भाग या मिश्रणात ठेवा. पुढं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात थोडा वेळ कोमट करायचं, मग गुणसूत्रं रंगवणारं अ‍ॅसिटोकार्मिन, मग कव्हर स्लिप ठेवून टिपकागदावरून अंगठ्यानं सरळ दाब.

इथं स्लाइड फसते ती तीन कारणांनी. टोक लांब कापलं जातं, आणि विभाजन तर अगदी शेंड्यालगत चालू असतं. आम्लाची पायरी गाळली जाते, मग पेशी एकमेकींपासून सुटत नाहीत आणि गठ्ठाच दिसतो. किंवा दाबताना अंगठा सरकतो आणि पेशी गुंडाळल्या जातात.

पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था ही नावं क्रमानं पाठ करून स्लाइडवर तोच क्रम शोधू नका. तिथं सगळ्या अवस्था विखुरलेल्या असतात आणि बहुतेक पेशी विभाजनात नसतातच. १०० पेशी मोजा, विभाजन चालू असलेल्या किती ते लिहा, तीच टक्केवारी विभाजन निर्देशांक. कांद्यात गुणसूत्रं १६ असतात. मध्यावस्थेतली एखादी चांगली पसरलेली पेशी सापडली तर मोजून बघा.

## टप्पा ७: आनुवंशिकता, दोन नाण्यांनी

हा टप्पा कॉमर्स-आर्ट्सच्या मुलांनीही पूर्ण करावा, कारण याचा संबंध थेट माणसांशी आहे.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागातल्या मुलामुलींनी गावात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी बघितलेली असते. 'एएस' म्हणजे वाहक, 'एसएस' म्हणजे रुग्ण. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्यानं हा आजार होतो. सगळा फरक एका अमिनो आम्लाचा. देशपातळीवर २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू झालं, त्याचं उद्दिष्ट २०४७पर्यंतचं आहे.

आई-वडील दोघेही एएस असतील तर काय? दोन नाणी घ्या. एक आईचं, एक वडिलांचं. छापा म्हणजे एस, काटा म्हणजे ए. प्रत्येक फेकीला दोन्ही नाणी एकदम उडवा आणि निकाल लिहा. ४० फेका झाल्यावर मोजा. एसएस साधारण दहाच्या आसपास, एएस विसाच्या, एए दहाच्या. अगदी तेवढेच येणार नाहीत. आले नाहीत म्हणून आकडे बदलू नका, शेजाऱ्याच्या ४० फेका त्यात मिळवा आणि प्रमाण कसं सरकतं ते बघा.

नेहमीची चूक: "चार मुलं झाली तर एकाला आजार होणारच." असं नाही. प्रत्येक गरोदरपणात शक्यता २५ टक्के, आणि आधीच्या मुलाचं काय झालं याचा पुढच्याशी संबंध नाही. चारही मुलं आजाराविना जन्मण्याची शक्यता पाऊण गुणिले पाऊण अशी चारदा धरली की जवळपास ३२ टक्के येते. नाण्यांच्या वहीत चार-चार फेकांचे गट पाडा, एकही एसएस नसलेले गट सापडतील.

दुसरी चूक आकृतीतली. युग्मकात (अंडपेशीत किंवा शुक्रपेशीत) जोडी लिहितात, 'एएस' असं. युग्मकात प्रत्येक जोडीतला एकच घटक जातो, ए नाहीतर एस. चौकटीच्या कडेला दोन अक्षरं दिसली की थांबा, पुढचं सगळं चुकणार आहे.

सावधान: वर्गात कुणालाही 'तुझा रिपोर्ट काय आला' असं विचारू नका. ती त्यांची खासगी गोष्ट आहे, प्रयोगासाठी नाणी पुरेशी आहेत.

## टप्पा ८: वर्गीकरण आणि उत्क्रांती, बागेत उभं राहून

वर्गीकरणाचे तक्ते पाठ करून टिकत नाहीत. ओळखीच्या दोन गोष्टी शेजारी ठेवा. द्राक्षबागेतले भुरी आणि डाऊनी हे दोन रोग घ्या. शेतकऱ्याच्या तोंडी दोन्ही बुरशीच. भुरी पानाच्या वरच्या बाजूला राखेसारखी पसरते, ती खरी बुरशी. डाऊनीत वर तेलकट पिवळे डाग आणि पानाखाली पांढरी वाढ दिसते. तो जीव दिसायला बुरशीसारखा असला तरी खऱ्या बुरशींच्या गटातला नाही. त्याच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असतं, खऱ्या बुरशीच्या भित्तिकेत कायटिन. दिसण्यावरून गट ठरवू नये, याला इतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही.

उत्क्रांतीचंही बागेतच बघा. "औषध आता लागू पडत नाही, रोगाला सवय झाली" असं घरी बोलतात आणि मुलं तेच उत्तरात लिहितात. एखाद्या जंतूला सवय होऊन तो बदलत नाही. लाखोंमध्ये काही आधीपासूनच वेगळे असतात. फवारणीत बाकीचे मरतात, हे उरतात आणि यांचीच संतती वाढते. उत्तरात तीन गोष्टी याच क्रमानं यायला हव्यात: आधीपासूनचा फरक, निवड, संततीत वाढलेलं प्रमाण. 'गरज पडली म्हणून' हे शब्द आले की उत्तर चुकलं.

पावसाळ्यात शेवाळं, नेचे बघायला अंजनेरी-त्र्यंबकची सहल निघते. फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा, पण काही उपटू नका. अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि सेरोपेजिया अंजनेरिकासारखी अतिशय दुर्मिळ वनस्पती तिथल्या सड्यावर वाढते. हर्बेरियमसाठी (दाबून वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी) नमुना हवा असेल तर कॉलेजच्या आवारातलं तण घ्या आणि दाबाखालचा वर्तमानपत्राचा कागद रोज बदला. ओल्या हवेत दोन दिवस विसरलात तर बुरशी धरते.

## टप्पा ९: परीक्षेआधीचे पंधरा दिवस

नोट्स पुन्हा वाचू नका. कोरा कागद घ्या, वर एकच शब्द लिहा, समजा 'परासरण'. पुस्तक मिटून आधी आकृती, मग भागांची नावं, मग चार ओळी. मग पुस्तक उघडून लाल पेननं दुरुस्त करा. दुसऱ्या दिवशी फक्त लाल झालेलं पुन्हा.

'फरक स्पष्ट करा'मध्ये समोरासमोरचे मुद्दे एकाच बाबीबद्दल हवेत. डावीकडे आकार आणि उजवीकडे कार्य लिहिलं तर तो फरक होत नाही. 'कारणे द्या'मध्ये वस्तुस्थिती पुन्हा लिहून भागत नाही, मधली साखळी लिहावी लागते. "द्राक्षाला जीए (जिबरेलिक आम्ल, एक जिबरेलिन) देतात कारण मणी मोठे होतात" हे अर्धं उत्तर. बियांमधून जिबरेलिन तयार होतं, बिनबियांच्या द्राक्षात ते कमी पडतं, म्हणून बाहेरून देतात आणि पेशी लांब होऊन मणी फुगतो, हे पूर्ण. एका बी.कॉम.च्या मुलीनं हे उत्तर वर्गात सगळ्यात चांगलं दिलं होतं. ती लहानपणापासून घरच्या बागेत जीएच्या पाण्यात घड बुडवायला जात होती.

प्रॅक्टिकलला स्पॉटिंगमध्ये, म्हणजे समोर ठेवलेला नमुना ओळखताना, नाव आठवलं नाही तर रिकामं सोडू नका. आधी दिसणारी तीन लक्षणं लिहा, मग गट, आणि नाव सुचलं तर शेवटी. लक्षणांचे मार्क वेगळे असतात, शिवाय लिहिता लिहिता नाव बऱ्याचदा आठवतंही. आणि स्लाइड बिघडली तर ती तशीच दाखवायला नेऊ नका. कांद्याची दुसरी साल काढायला दोन मिनिटं लागतात. ती आधीच पाण्यात काढून ठेवा.